दोन सह्यांचा आरडाओरडा

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कुठलीही गोष्ट समोर आली, की ती कशी आहे हे बघायच्या आधी ती कुठल्या खात्यात टाकायची हे तो बघतो. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली, की मी आधी ती 'गोड' या सदराखाली मनातल्या मनात नोंदवतो आणि मगच तिचा तुकडा मोडतो. तिच्यामागून मठ्ठा आला, की कॉन्ट्रा एन्ट्री पडली म्हणून निश्चिंत होतो. लेजरं जाऊन संगणक आले, माणसं आपापल्या फोनातच बँक उघडून बसायला लागली, तरी ही खोड काही गेली नाही. आणि ज्या रकमेचं खातंच सापडत नाही, तिच्यासाठी आमच्याकडे एक कोनाडा असतो. त्याचं नाव सस्पेन्स अकाउंट. नावावरून बाबूराव अर्नाळकर आठवतात, पण त्यातलं रहस्य एवढंच, की ही रक्कम इथे कुणी टाकली हे कुणीच कबूल करत नाही.

या खोडीत बँकवाल्यांनाही मागे टाकेल अशी एक जमात सध्या मी घरबसल्या पाहतो आहे. ती म्हणजे मेटल ऐकणारी मुलं. आमचा भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे पुण्यात राहतो. सोबत त्यानं एक बॅग, एक गिटार आणि एक मित्र आणला आहे. मित्र राहतो स्वतःच्या घरी. पण ते फक्त झोपण्यापुरतं. हा मित्र पुण्याच्या एप्रिलातही काळा टी-शर्ट घालतो आणि त्यावर वाळक्या काटक्यांचा ढीग छापलेला असतो. ती काटक्यांची मोळी नसून बँडचं नाव आहे, हे मला भाच्यानं समजावून सांगितलं. ते वाचता येत नाही, हा त्या नावाचा दोष नसून गुण आहे, हे मित्रानं समजावून सांगितलं. रोज शेकडो सह्या तपासणारा मी माणूस. मला ते ताबडतोब पटलं.

मेटल म्हणताच आमच्या सौभाग्यवतीला तांब्यापितळेची भांडी आठवतात. तिचं फार चुकतं असंही नाही. ऐकताना माळ्यावरून भांडी कोसळल्याचा भास होतोच. पण या भांड्यांची मोजदाद ही पोरं ज्या काटेकोरपणे ठेवतात, तशी आमच्या बँकेत स्ट्राँगरूमच्या किल्ल्यांचीही ठेवली जात नसेल. ब्लॅक मेटल, डेथ मेटल, डूम मेटल, थ्रॅश मेटल. प्रत्येकाच्या पोटात पुन्हा पोटजाती: अॅटमॉस्फेरिक, सिम्फनिक, डिप्रेसिव्ह, पोस्ट. आणि या पोटजातींमध्ये सोयरीक झाली, की आपल्याकडे होतो तसाच गहजब.

असाच एक गहजब आमच्या दिवाणखान्यात तीन रविवार चालला होता. भांडण एका अल्बमवरून. बँडचं नाव डेफहेवन, गाव सॅन फ्रान्सिस्को, अल्बम 'सनबेदर', साल २०१३. भाच्याचं म्हणणं, हा ब्लॅक मेटलमधला मोठा अल्बम आहे. मित्राचं म्हणणं, मोठा असेल नाहीतर छोटा, हा ब्लॅक मेटलच नाही. शेवटी भाचा माझ्याकडे वळला.

"मामा, तू निकाल दे."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच. तू न्यूट्रल."

ही पात्रता मला आजवर कुणी इतक्या आदरानं बहाल केली नव्हती. मी फाइल स्वीकारली.

कर्जाचा अर्ज आला, की आम्ही आधी अर्जदाराचं खानदान बघतो. तसं इथंही बघितलं. मेटलचं मूळ पुरुष घराणं म्हणजे बर्मिंगहॅमचं ब्लॅक सॅबथ. इंग्लंडातलं कारखान्यांचं गाव, पहिला अल्बम १९७० साली. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि तिथल्या यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली होती. बोटांवर टोपणं चढवून तो वाजवत राहिला. पुढे तारा सैल केल्या, आवाज आणखी जड झाला. म्हणजे हे संगीत जन्मलं ते श्रीमंताच्या हिरवळीवर नव्हे, पाळीच्या भोंग्याच्या टप्प्यात. हा मुद्दा मी फाइलच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवला. तो पुढे लागणार आहे.

'ब्लॅक मेटल' हे नाव आलं व्हेनम नावाच्या इंग्रज बँडच्या १९८२ सालच्या अल्बमवरून. मग स्वीडनचा बाथोरी, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतली पोरं: मेहेम, डार्कथ्रोन, बर्झम, एम्परर. ढोल असा वाजवायचा, की ठोके वेगळे ऐकूच येऊ नयेत. त्याला ब्लास्ट बीट म्हणतात. गिटारीची तार मेंडोलिनसारखी थरथरवत ठेवायची. गळ्यानं गायचं नाही, किंचाळायचं. तोंडाला पांढरा-काळा रंग फासायचा. आणि रेकॉर्डिंग मुद्दाम वाईट करायचं. आपल्याकडे वाईट रेकॉर्डिंग आपोआप होतं, तिथे त्यासाठी कष्ट घेतात. यातल्या काहींनी चर्चं जाळली. १९९३ साली एकानं दुसऱ्याचा खून केला आणि १९९४ साली त्याला एकवीस वर्षांची सजा झाली. अशा घराण्याचं नाव लावायला मिळावं म्हणून पुण्यातली दोन पोरं भांडत होती. पण माणसांचे गुन्हे आणि संगीताचे सूर ही दोन वेगळी खाती आहेत. मी पहिल्यातली बाकी दुसऱ्यात ओढली नाही, आणि दुसऱ्यातली जमा दाखवून पहिलं माफही केलं नाही.

डेफहेवनच्या आईकडचं घराणं अगदी वेगळं. इंग्लंड-आयर्लंडकडे १९९०च्या आसपास काही तरुण गिटारी इतक्या धूसर आणि दाट वाजवायला लागले, की गाण्यावर धुकं उतरल्यासारखं वाटावं. पायाशी मांडलेली यंत्रं दाबत ते सारखे खाली बघायचे, म्हणून टीकाकारांनी नाव ठेवलं 'शूगेझ': बुटांकडे बघणारे. कर्ज नामंजूर झालेला माणूस माझ्या टेबलासमोर चपलांकडे बघत उभा राहतो, तसे हे स्टेजवर उभे राहायचे. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा १९९१ सालचा 'लव्हलेस' हा त्यांचा मोठा ग्रंथ. सभ्य, सुखवस्तू, स्वप्नाळू संगीत. पहिलं लग्न मात्र डेफहेवननं लावलेलं नाही. फ्रान्सच्या अल्सेस्टनं २००७ सालीच हे दोन्ही सूर एका मांडवाखाली आणले होते, आणि पोरांनी त्या संसाराचं नाव 'ब्लॅकगेझ' ठेवलं. डेफहेवन सुरू झालं २०१०मध्ये. मुळात दोन दोस्त: गाणारा जॉर्ज क्लार्क आणि गिटारवाला केरी मॅकॉय. गाणाऱ्याचं आडनाव वाचून मी दचकलो. क्लार्क! म्हणजे जातभाईच निघाला. आडनावावरून खातं ठरवायची आपली सवय अशी कुठेही उपयोगी पडते.

ऐकायची पद्धत मी पहिल्याच दिवशी ठरवली. स्पीकरवर दोन मिनिटं लावलं तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत वर आले आणि "कुणाला लागलं-बिगलं का?" म्हणून चौकशी करून गेले. तेव्हापासून हेडफोन. पंधरा दिवस, येता-जाता, जेवणाच्या सुट्टीत. गाण्यांचे शब्द भाच्यानं छापून दिले. अल्बम एकूण तासाला काही सेकंद कमी, सात तुकडे. त्यात चार लांबलचक गाणी आणि त्यांच्या मधे तीन छोटे पूल.

आता मित्राचे आक्षेप. पोरगं हुशार आहे, मुद्देसूद बोलतं.

पहिला आक्षेप: कव्हर गुलाबी आहे. ब्लॅक मेटलच्या कव्हरवर रात्र असावी, जंगल असावं, निदान एखादं मेलेलं जनावर तरी. इथे मावळत्या उन्हासारखा गुलाबी रंग आणि त्यावर स्वच्छ वाचता येणारी अक्षरं! तीसुद्धा 'सन-बॅट-हर' अशी तीन ओळींत तोडलेली. मला तर आधी खेळाच्या सामानाचं दुकान वाटलं. पण हा रंग कुठला? उन्हात पडून डोळे मिटले, की पापण्यांच्या आतून दिसतो तो. हे कळल्यावर मी जेवणाच्या सुट्टीत बँकेच्या गच्चीवर जाऊन डोळे मिटून पाहिलं. अगदी तोच रंग. शिपाई वर आला होता, तो "साहेब, बरं वाटत नाही का?" म्हणाला. आमच्याकडे उन्हात डोळे मिटून उभ्या राहिलेल्या माणसाचं दुसरं खातंच नाही. आक्षेप फेटाळला.

दुसरा आक्षेप: यांचे चेहरे रंगवलेले नसतात. नीट भांग पाडून, इस्त्रीचे कपडे घालून येतात, जणू मुलाखतीला निघालेत. हा आक्षेप मी वैयक्तिक घेतला. आयुष्यभर नीट भांग पाडून वावरलेल्या माणसाच्या आत काय किंचाळत असतं, हे त्या पोराला अजून ठाऊक नाही. फेटाळला.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: सूर आनंदी आहेत. ब्लॅक मेटल अंधारातलं, गारठलेलं हवं. इथे मॅकॉयच्या गिटारी पाश्चात्त्य मंडळी ज्याला मेजर म्हणतात त्या सुरांत न्हातात. आपल्या कानांना बिलावलसारखा मोकळा, उजेडाचा सूर. पण घराणं इतकं सोवळं होतं कधी? नॉर्वेच्याच उल्व्हरनं १९९५ साली 'बेर्गटाट'मध्ये लोकगीताच्या चाली, साध्या गिटारी आणि सरळ गायलेला गळा घालून ठेवला आहे, आणि तो अल्बम ही मंडळी डोक्यावर घेतात. मूळ पुरुषांनी केलं तर परंपरा आणि नातवानं केलं तर भ्रष्टाचार, हा हिशेब मी फक्त घरगुती देवघरात पाहिला होता.

चौथा आक्षेप मित्रानं जरा हळू आवाजात सांगितला. "काका, नको त्या लोकांना आवडला हो हा." ही खरी जखम. २०१३ साली या अल्बमला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर शंभरात ब्याण्णव पडले. ज्यांनी कधी ब्लॅक मेटल ऐकलं नाही ते हा एक अल्बम ऐकून "मलाही ब्लॅक मेटल आवडतं बरं का" म्हणायला लागले. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. जुन्या वाड्यात पन्नास वर्षं गळक्या कौलांखाली राहिलेल्या भाडेकरूंना, बिल्डर आल्यावर आणि चकचकीत बोर्ड लागल्यावर जे वाटतं, तेच या पोरांना वाटत असणार. आम्ही गळतीखाली बादल्या लावत होतो तेव्हा तुम्ही कुठे होतात? प्रश्न रास्त आहे. फक्त तो मालकी हक्काचा प्रश्न आहे, संगीताचा नाही. टायटल क्लिअर आहे की नाही हे बघणं वेगळं आणि घरात हवा-उजेड आहे की नाही हे बघणं वेगळं. त्या पोराला पहिल्याची चिंता, मला दुसऱ्याची पडली होती.

कारण पहिल्याच गाण्याचं नाव 'ड्रीम हाउस'. स्वप्नातलं घर! मी होम लोनच्या टेबलावर बसतो. हे शब्द माझ्या पाठीमागच्या पोस्टरवर आहेत. त्याखाली एक गोरंगोमटं जोडपं हसत चावी धरून उभं असतं. रोज माझ्यासमोर दुसरं जोडपं बसतं, ते तितकंसं हसत नसतं. सॅम्पल फ्लॅट बघून आलेलं असतं. तिथल्या सोफ्यावर बसायचं नसतं, नळाला पाणी नसतं, फळं प्लास्टिकची असतात. पण खिडकीतून ऊन मात्र खरं येतं. पगाराची स्लिप, फॉर्म सोळा आणि मार्जिन मनीचा आकडा जुळेना, की नवरा चपलांकडे बघतो आणि बायको माझ्या मागच्या पोस्टरकडे.

छापील शब्द वाचले तेव्हा लक्षात आलं, की हा अल्बम अगदी याच माणसाबद्दल आहे. क्लार्कनं सांगितलेली हकीकत अशी, की श्रीमंतांच्या वस्तीतून गाडीनं जाताना त्याला हिरवळीवर ऊन खात पहुडलेली एक मुलगी दिसली. बस्स, एवढंच. तिचं नाव-गाव नाही, प्रेमबीम नाही. ती आत, हा बाहेर. तिच्या अंगावर पडलेलं ऊन फुकट, पण ते खायला लागणारी हिरवळ याच्या सात पिढ्यांना परवडायची नाही. हेवा, लाज आणि सौंदर्याची भूक, तिन्ही एकाच क्षणी.

आता हा अनुभव कुठल्या एका खात्यात लिहून दाखवा. नुसतं शूगेझ वाजवलंत तर ते त्या हिरवळीचं संगीत होईल: आतून वाजवलेलं, तृप्त, डोळे मिटलेलं. नुसतं ब्लॅक मेटल वाजवलंत तर नुसता राग होईल. घर जाळायला निघालेल्या माणसाचा. पण या माणसाला घर जाळायचं नाहीये हो, त्याला त्यात राहायचं आहे! म्हणून गिटारी ते घर बांधतात, उन्हानं भरलेलं, मोठ्या खिडक्यांचं. ढोल छातीच्या धडधडीसारखा पळतो. आणि गळा बाहेरून किंचाळतो. 'ड्रीम हाउस' ऐकताना नीट लक्ष द्या: क्लार्कचा आवाज गाण्याच्या पुढे ठेवलेला नाही, गिटारींच्या मागे ठेवला आहे. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून कुणी ओरडत असावं तसा. आत कुणाला नीट ऐकू येत नाही. ते रेकॉर्डिंगच्या वेळी आपोआप झालं की निर्माता जॅक शर्लीनं योजून केलं, याच्याशी मला कर्तव्य नाही. कानाला अर्थ लागतो.

शब्द कळत नाहीत, अशी तक्रार आमच्या सौभाग्यवतीनं केली. मी म्हटलं, तराण्यातले कळतात का? ती म्हणाली, तराणा ऐकताना शेजारी वर येत नाहीत. मुद्दा बिनतोड होता. पण अर्ध्या तासानं, एका कानात हेडफोन घालून भाजी निवडता निवडता, तिनं जे विचारलं ते पानभर समीक्षेच्या तोडीचं होतं. "अहो, एवढं सुंदर वाजतंय, आणि हा रडतोय की ओरडतोय?" मी म्हटलं, तेच तर ठरवता येत नाही. "मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि मेथीच्या काड्या वेगळ्या करायला लागली. तेव्हापासून आमच्याकडे संथ पियानो संपून किंचाळी सुरू झाली, की "आला तो" म्हणायची पद्धत पडली आहे. घरातल्या माणसासारखं.

दोन प्रकारचं संगीत एकत्र आणणाऱ्यांचा हिशेब कसा तपासावा, यासाठी मला आमच्याच फॉर्ममधला एक रकाना पुरेसा वाटतो. जॉइंट अकाउंट दोन तऱ्हेनं चालतं. एक 'आयदर ऑर सर्व्हायव्हर': दोघांपैकी कुणीही एकट्यानं यावं, सही करावी, पैसे काढावेत. दुसरं 'जॉइंटली': दोघांच्या सह्या असल्याशिवाय पै हलत नाही. मिश्रणाचा खरा कस दुसऱ्या प्रकारात लागतो. पाच मिनिटं मऊ, पाच मिनिटं कर्कश, पुन्हा पाच मिनिटं मऊ, असं वाजवलं तर ते पहिल्या प्रकारचं खातं झालं. दोघं एका छपराखाली राहतात पण एकमेकांशी बोलत नाहीत. 'ड्रीम हाउस' आणि 'सनबेदर' या दोन गाण्यांत मात्र प्रत्येक चेकवर दोन सह्या आहेत. किंचाळी काढा, गिटारी गोडघाशा होतील. गिटारी काढा, किंचाळी अडाणी होईल.

सगळा अल्बम असा नाही, आणि तेही सांगायला हवं. पाचवं गाणं 'व्हर्टिगो' साडेचौदा मिनिटांचं आहे, आणि त्यातली काही मिनिटं निव्वळ पोटभाडेकरू आहेत. सुरुवातीची गिटार आळोखेपिळोखे देत बसते, मग जोर येतो, मग ओसरतो, मग पुन्हा येतो. दर वेळी दार उघडल्याचा आवाज होतो, पण आत कुणी येत नाही. इथे खातं सरळ 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' झालं आहे. मधल्या पुलांपैकी 'इररेझिस्टिबल' हा तीन मिनिटांचा तुकडा, ढोलाशिवाय, नुसती गिटार आणि पियानो. तो इतका गोड आहे, की पहिल्या गाण्याचा घाम पुसून घेण्यापुरताच चांगला. 'प्लीज रिमेंबर'मध्ये अल्सेस्टचा नेज मिलान कुंदेराच्या कादंबरीतला एक उतारा वाचतो आणि हळूहळू गोंगाट तो गिळून टाकतो. कल्पना बरी आहे, पण आपण काय वाचतो हे पाहुण्यांना कळावं म्हणून दिवाणखान्यात पुस्तकं मांडणाऱ्यांची मला थोडी आठवण झाली. त्यापेक्षा 'विंडोज' मला जास्त खरा वाटला. त्यात रस्त्यावरचा एक धर्मोपदेशक नरकाची भीती घालतो आणि दुसरीकडे कुणीतरी अमली पदार्थांचा सौदा करतो. स्वर्गाची आणि नशेची, दोन्हींची विक्री एकाच फुटपाथवर. हिरवळीच्या पलीकडचं शहर या एवढ्या खिडकीतून आत येतं.

आणि मग शेवटचं, 'द पेकन ट्री'. साडेअकरा मिनिटं. ते सगळ्या अल्बमातल्या सर्वांत कडक माऱ्यानं सुरू होतं. आमच्या काटक्यावाल्या मित्रालाही तिथे नाक मुरडायला जागा नाही. मग पियानो येतो आणि घर एकदम रिकामं वाटायला लागतं. हे गाणं वडिलांबद्दल आहे. हिरवळ राहिली बाजूला. आपल्याला वडिलांकडून घर नाही मिळालं, त्यांचा कोरडेपणा तेवढा रक्तातून उतरला, असं हा मुलगा स्वतःकडे बघून म्हणतो. बँकेत मी नॉमिनेशनचे फॉर्म भरून घेतो. ठेवीला नॉमिनी लागतो, लॉकरला लागतो, त्यावरून सख्खे भाऊ काउंटरवर हमरीतुमरीवर येतात. स्वभावाला मात्र नॉमिनेशन लागत नाही. तो मागितला नसताना आपोआप जमा होतो, आणि ते खातं बंदही करता येत नाही. हे कळलेला माणूस किंचाळणार नाही तर काय करणार? तासाभराच्या गोंगाटानंतर तुम्हाला समजतं, की बाहेर उभं राहायचं कारण फक्त पैसा नव्हतं. दार उघडं सापडलं असतं तरी याला आत नीट बसता आलं असतं की नाही, शंका आहे. इथे अल्बम हेव्याच्या वर उठतो, आणि 'व्हर्टिगो'ची वाढीव मिनिटं मी माफ करून टाकतो.

यात एक गंमत अशी, की घराबाहेर उभं राहून आत बघणाऱ्या माणसाबद्दलचा हा अल्बम, आणि त्यालाच ब्लॅक मेटलवाल्यांनी घराबाहेर उभं केलं. "तू आमच्यातला नाहीस. कपडे बघ, रंग बघ." बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातून ज्याची सुरुवात झाली, आत घेतलं न गेलेल्या माणसांनी जे स्वतःसाठी उभारलं, त्या घरालाही शेवटी गेट आणि वॉचमन आलाच. समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं ते हेच. आपल्याला हसायला जागा नाही, भाड्यानं खोली शोधायला गेलेल्या मुलाला "आडनाव काय?" हा प्रश्न घराच्या किल्लीआधी येतो, हे आपल्या गावातही सगळ्यांना ठाऊक आहे.

बँड पुढे काय करतो यानं मागच्या नोंदी बदलत नाहीत, पण फाइल पूर्ण असावी म्हणून लिहितो. २०२१ सालच्या अल्बमात क्लार्कनं बहुतेक किंचाळणं सोडून सरळ गाऊन दाखवलं. तेव्हा शुद्धतावाले म्हणाले, बघा, आम्ही सांगतच होतो. २०२५ साली तो पुन्हा किंचाळला. तेव्हा तेच म्हणाले, आता कसं! एकच माणूस, दोन वर्षांचे दोन ताळेबंद. पण 'सनबेदर'मध्ये त्या दोन्ही सह्या एका चेकवर आहेत, म्हणून इतक्या वर्षांनंतरही तो वटतो.

चौथ्या रविवारी मी निकाल लेखी दिला. प्रस्ताव मंजूर, तीन अटींवर. एक, हेडफोनशिवाय वाजवू नये. दोन, शब्द हातात घेऊन एकदा तरी ऐकावा. तीन, 'व्हर्टिगो'मधून निदान चार मिनिटं मार्जिन म्हणून आधीच वळती करून घ्यावीत.

भाचा खूश झाला. मित्रानं कागद उलटसुलट करून पाहिला. "पण काका, खातं कुठलं ते लिहिलंच नाहीत! ब्लॅक मेटल की नाही?"

"ते सस्पेन्सला टाकलंय," मी म्हटलं. "तू खातं सोड, शिल्लक बघ. एवढे दिवस मीही ऐकतोय, तूही ऐकतोयस. खरं सांग, शिल्लक आहे की नाही?"

पोरगं प्रामाणिक. काटक्यांवर हाताची घडी घालून त्यानं बराच वेळ विचार केला.

"शिल्लक आहे, काका," तो म्हणाला. "पण गुलाबी आहे."